माझ्या नीरफणसाचा चीक

पेनिना हसली आणि अख्खं गाव सभाघरात रडायला लागलं. सगळ्यात मोठ्यानं मी. सवाई बेटावर तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेला, स्वतःला शहाणा समजणारा म्हातारा.

नऊ वर्षांची ही माझी भाची जन्मात हसली नव्हती. झोपेतही डोळे अर्धे उघडे. गावानं ठरवलं, हिला भूत लागलंय. वर्षातून एकदा येणाऱ्या मुलांच्या रविवारी चर्चमध्ये प्रत्येक पोर पांढरे कपडे घालून पुढे येतं आणि बायबलातलं वचन म्हणतं. पेनिनाला मात्र तीन वर्षं मागच्या बाकावर बसवलेलं. पोरांची तयारी मीच करून घेतो, तेव्हा तो निर्णय माझाच.

मग लाफाएले नावाचा बुवा उगवला. हात नाचवत म्हणाला, "भूत पोरांच्याच गालात बसतं. मोठ्यांच्या गालात जागा कुठंय?" आम्ही गाल चाचपले आणि माना डोलावल्या. त्यानं तिच्या गालांवर हळद थापली, तोंडावर फडकं टाकलं, तासभर पुटपुटला. फडकं काढलं तर ओठांचे कोपरे वर! दोन डुकरं आणि माझ्या आईनं विणलेली चटई घेऊन तो पहिल्या बोटीनं गेला.

संध्याकाळी दवाखान्यातली नर्स इलिसापेता आली. "पोरीचे डोळे एवढे लाल का?" तिनं गालांना खोबरेल चोळलं. हळदीखालून चिकट पट्टा सुटला, आणि हसूही उतरलं.

"कसला चीक हा?"

मी ओळखला. माझ्याच नीरफणसाचा. होडीची फट बुजवायला म्हणून लाफाएलेनं मागितला, मीच करवंटी भरून दिला. वाळला की आवळतो, हेही मीच समजावलं. त्याच्याकडे होडीच नव्हती, हे आत्ता लक्षात आलं.

"चेहरा हलवणाऱ्या नसा जन्मतःच नीट घडल्या नाहीत," इलिसापेता म्हणाली. "भूतबीत काही नाही. डोळे कोरडे पडू देऊ नका."

माझी बहीण वाईतोआ रडवेली झाली. "म्हणजे येत्या मुलांच्या रविवारी परत मागेच?"

"सगळ्यांत आधी उभी राहील," मी म्हणालो. लाज वाटत होती. "पेनिना, गाल ओढत होते तर बोलली का नाहीस गं?"

"बोलले की. तुम्ही रडत होतात."

रविवारी तिनं वचन न अडखळता म्हटलं. चेहरा तसाच, स्थिर. बाबांनो, चमत्कार दिसला की आधी हात लावून बघा, आणि ज्याच्यावर झाला त्याला विचारा. मी उशिरा का होईना, विचारलं.

"आनंद झाला का गं?"

"कधीचाच," ती म्हणाली. "पुढे येऊ दिलंत तेव्हाच."