सिंधुरत्नमधली सिंधू

सिंधुरत्न सेल्सची वेबसाइट करायचं स्नेहलनं मनावर घेतलं आणि बाकीची पानं भराभर झाली. अडलं ते 'आमच्याविषयी' या पानावर.

धंदा घरचाच. पुण्या-मुंबईच्या कंपन्या भट्टीचं तापमान दाखवणारी यंत्रं, सेन्सर, मीटर बनवतात. भिलाई-रायपूरकडच्या रोलिंग मिल आणि फाउंड्र्यांमध्ये फिरून त्यांच्या वतीनं ऑर्डर मिळवायची. स्वतःचं दुकान नाही, गोदाम नाही. सिव्हिक सेंटरमध्ये वरच्या मजल्यावर एक लहानसं ऑफिस तेवढं. चाळीसेक वर्षांपूर्वी आजीनं, रत्नमालाबाईंनी, हे सुरू केलं आणि आता स्नेहलचे बाबा सुजय ते चालवत होते. इंजिनिअर झाल्यावर स्नेहलही त्यांच्यासोबत फिरायला लागली होती.

"बाबा, रत्न म्हणजे आजी, हे समजलं. पण सिंधू कोण?"

"नदी असेल," सुजय मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले.

"भिलाईत सिंधू नदी?"

"मी शाळेत होतो गं तेव्हा. आईला विचार."

भिलाईतच रिसाली भागातल्या घरी आजी मेथी निवडत होती. तिनं एक जुडी संपवली, दुसरी घेतली. "नदीच समज," एवढंच म्हणाली. आजीला उत्तर द्यायचं नसलं की ती हातातलं काम जरा जास्तच नीट करायची. स्नेहलनं ते पाहिलं आणि तिला आता सोडवेना.

दुर्गला केवलराम नावाचे इलेक्ट्रिकच्या सामानाचे जुने व्यापारी होते. आजी त्यांना पहिल्यापासून ओळखायची. स्नेहल त्यांच्या दुकानात गेली आणि तिनं सरळ विचारलं, सिंधुरत्नमधली सिंधू कोण. म्हातारबुवा खुलले.

"अरे, वो दोनों! एक लुना, उस पर दो औरतें, और बीच में स्टॅबिलायझर का डिब्बा. पूरा दुर्ग देखता था."

"दोनों कौन, दादाजी?"

"तुम्हारी दादी और सिंधु भाभी. फकिरा की घरवाली. दोनों का क्वार्टर सेक्टर छह में था, आमने-सामने. अब सिंधु भाभी यहीं रहती हैं, मोहन नगर में."

स्नेहल थक्क झाली. ती लहानपणापासून दर महिन्याला दुर्गला येत होती. ज्या बाईचं नाव तिच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं होतं, ती इथं चार गल्ल्या पलीकडे राहत होती.

संध्याकाळी तिनं आजीसमोर केवलरामांचं नाव काढलं. आजीनं सुस्कारा सोडला.

"सांगते, बस," ती म्हणाली. "तुझे आजोबा स्टील प्लांटात क्लार्क, सिंधूचा नवरा रोलिंग मिलमध्ये. आम्ही दोघी घरी. तेव्हा घरोघरी नवे टीव्ही आले होते. टाउनशिपमधली लाइट चांगली होती, पण दुर्गला संध्याकाळ झाली की व्होल्टेज पडे आणि टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आकसून जाय. नागपूरच्या एका कंपनीचे स्टॅबिलायझर आम्ही विकायला घेतले. सिंधू कोणाच्याही घरात शिरायची, पाणी मागायची, माहेर विचारायची. तिचं बोलणं रंगलं की मी मागून वायर जोडायची. चित्र पसरून काचभर होई, आणि घरातली पोरं ओरडायची. बस, विकला गेला!"

"मग?"

"मग पुण्याच्या कंपनीनं विचारलं, कारखान्यांसाठी आमचे प्रतिनिधी व्हाल का. फोन पाहिजे म्हणाले. आपल्या क्वार्टरमध्ये फोन लागला. आणि महिना-दोन महिन्यांत सिंधूनं येणं बंद केलं."

"कावून?"

"रागावली ती. फोन माझ्या घरी लागला, लोक मलाच विचारायला लागले म्हणून. मी गेली होती दोनदा. तिनं चहा पाजला, पोराबाळांचं विचारलं, कामाचं एक अक्षर नाही. मग मीही गेली नाही."

"आणि नाव तसंच ठेवलंस?"

"तिचं नाव होतं. मी काढणारी कोण?"

शनिवारी स्नेहल मोहन नगरला गेली. दार सुनेनं उघडलं. नीतू तिचं नाव. आत पलंगावर सिंधुताई बसल्या होत्या; उंच, हाडापेरानं मजबूत, केस पांढरेशुभ्र. स्नेहलनं आपण कोण ते सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "रत्नाची नात ना तू? कपाळ तिचंच आहे. ये, बस. नीतू, फरे गरम कर."

स्नेहलनं आडवळण घेतलं नाही. "आजी, तुम्ही काम का सोडलं?"

"तुह्या आजीले काय वाटते?"

"तिला वाटतं, फोन आमच्या घरी लागला म्हणून तुम्ही रागावलात."

सिंधुताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"रागावली! अवं, तो फोन माह्या घरी लागला असता तर मी घर सोडून पळाली असती. एक दिवस रत्ना भाजी आणाले गेली होती आणि फोन वाजला. मी उचलला. तिकडून पुण्याचा साहेब हॅलो, हॅलो करून राहिला. माह्या तोंडातून शब्दच निघेना. समोर माणूस पाहिजे ना बाई! त्याचं तोंड पाहून मी बोलत होती. कोणाले ऊन लागलं, कोणाच्या घरी भांडण झालं, सारं तोंडावर दिसते. त्या काळ्या डब्यात काय दिसन? मी ठेवून देली. मग घरी कोणी नसताना मुद्दाम उचलून पाहिला, शिकाव म्हणून. नाहीच जमलं."

"मग तसं सांगायचं ना आजीला."

"सांगितलं असतं तर तिनं फोन काढून फेकला असता," सिंधुताई म्हणाल्या. "तिचा स्वभाव मले माहीत. आणि मंग आम्ही दोघी जलमभर दुर्गच्या गल्ल्यांत टीव्ही पाहत फिरलो असतो. तिच्यात मोठं काम कराची ताकद होती. मी बोझा होऊन कावून राहाव?"

तांदळाच्या पिठाचे ते वाफवलेले फरे खाऊन स्नेहल निघाली, तेव्हा सिंधुताईंनी तिच्या कार्डावरचं नाव चष्मा लावून वाचलं आणि कार्ड उशीखाली ठेवलं.

घरी आल्यावर तिनं सगळं जसंच्या तसं आजीला सांगितलं. आजी एकदम चिडली.

"मला विचारायचं तरी! फोन मी घेतला असता, कारखान्यात ती गेली असती. एवढी साधी गोष्ट! सगळं आपल्याच मनानं ठरवून मोकळी झाली."

"तूही ठरवलंसच ना, ती रागावली म्हणून?"

आजीनं स्नेहलकडे पाहिलं आणि उठून कपाटातून साडी काढली. "चल. आत्ता."

मोहन नगरच्या त्या खोलीत दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या, तेव्हा सुरुवातीला बोलणं गुडघ्यांवरच होतं. मग आजी म्हणाली, "सिंधू, तू मले कमी समजली."

"नाही वं," सिंधुताई म्हणाल्या. "जास्तच समजली."

आजीनं त्यांचा हात धरला. नीतूनं स्नेहलला हळूच स्वयंपाकघरात बोलावलं आणि दोघी बराच वेळ तिथंच थांबल्या. बाहेर आल्या तेव्हा वाद चालू होता, लुना चालवायची कोण. दोघीही म्हणत होत्या, मीच.

"आता काय विकता तुम्ही?" सिंधुताईंनी विचारलं. स्नेहलनं तापमानाच्या यंत्रांबद्दल सांगितलं. "सांगून काय समजते? दाखव एक दिवस."

बुधवारी स्नेहल दोघींना गाडीत घालून इंडस्ट्रियल एरियातल्या एका फाउंड्रीत घेऊन गेली. मालक पियूष अग्रवाल नेहमी उभ्याउभ्याच बोलायचा आणि नंतर बघू म्हणायचा. सिंधुताईंनी खुर्ची ओढली, पाणी मागितलं, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "बेटा, नींद नहीं होती क्या?"

पियूषनं हातातली फाइल खाली ठेवली. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, घरातली ओढाताण, रात्रीची जागरणं, सगळं तो सांगत गेला. भट्टी दाखवायला स्वतः आला. स्नेहलनं बॅगेतून यंत्र काढलंच नाही. मधे बोलायला जागाच मिळाली नाही.

परतीच्या वाटेवर आजी म्हणाली, "सिंधू, ऑर्डरचं राहूनच गेलं."

"राहू दे ना," सिंधुताई खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात त्याच्या आईची तब्येत विचाराले येऊ."