ग्वानयिनच्या पापण्या

रुईलानला राग यायचा तो हातात काम असतानाच. त्या दुपारी तिच्या मांडीवर ओलं फडकं होतं, फडक्यात मुलानं घडवलेली पांढऱ्या जेड दगडाची करुणेची देवी, ग्वानयिन माता, आणि रागानं तिचे कान तापले होते.

"छंगआन, असं कुणी करतं का रे?"

"काय केलं मी?"

"इतकं चांगलं!"

छंगआन हसला. तिचा जीव आणखीनच जळला.

"हसतोस काय? गल्लीतली शहाणी पोरं दरबाराच्या मूर्तीची बोटं जाड ठेवतात, चेहरा भोपळ्यासारखा करतात. साहेब नाक मुरडतो, मूर्ती घेऊन जातो, पोर घरी राहतं. तुला कुणी सांगितलं होतं जीव ओतायला?"

"आई, देवी आहे ती. तिची बोटं जाड ठेवू?"

"ठेव! ती नाही रुसत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबाराचे दिंगसाहेब यायचे होते. ज्याचा हात त्यांना आवडेल, त्याची रवानगी राजधानीत, बादशहाच्या कारखान्यात. तिकडे गेलेला माणूस स्वतःच्या मर्जीनं परतत नसे. तिचा नवरा असाच गेला, तेव्हा छंगआन रांगत होता. दर हिवाळ्यात कालव्यातून नाव यायची, तिच्यातून पगार यायचा, आणि सगळं सूचौ शहर तिला नशीबवान म्हणायचं. नवऱ्याला कोवळ्या बांबूचे कोंब घातलेली मासळी आवडायची. वसंतात ती रांधताना तिला वाटायचं, तिकडच्या थंडीत त्याला कोण काय वाढत असेल? मग एका वर्षी पगाराबरोबर त्याचा कापूस भरलेला कोट आला. कोटाची घडी परक्या हातची होती. नवऱ्याला पुरलं कुठे, तेही कुणी सांगितलं नाही.

"बाबांचं काम राजवाड्यात आहे," छंगआन म्हणाला. "आणि मी इथं तपकिरीच्या बाटल्या घासत बसू?"

"बस! बाटल्या घासणाऱ्यांना म्हातारपण तरी येतं."

तो पाय आपटत बाहेर गेला.

जेड काही छिन्नीनं फोडत नाहीत. ओल्या वाळूनं, फिरत्या चकतीवर, महिनोन्‌महिने घासतात. शेवटची चमक मात्र घरातल्या बायका आणायच्या, कातड्याच्या चाकावर. मूर्ती फोडली असती तर पोराच्या पाठीवर बांबू पडले असते. पण कातडं जास्त वेळ फिरलं की धारदार रेघ विरते, आणि त्याला कुणी फोडणं म्हणत नाही. नव्या सुनांच्या हातून हे व्हायचं, सासवा घर डोक्यावर घ्यायच्या. रुईलानच्या हातून ते कधीच झालं नव्हतं.

तिनं फळीवर पाय दिला. चाक फिरलं.

ग्वानयिनच्या पापण्या खाली झुकल्या होत्या, आताच कुणाचं तरी रडणं कानी पडावं तशा. केसाइतकी बारीक रेघ. छंगआननं अख्खं वर्ष त्यात घातलं होतं.

"सगळ्या जगाचं रडणं ऐकतेस म्हणे," रुईलान दातओठ खात म्हणाली. "तो कोट आला, मी उंबऱ्यात बसून गळा काढला, तेव्हा कुठं होतीस गं?"

आणि तिनं देवीचा चेहरा चाकावर दाबला.

सकाळी दिंगसाहेबांनी मूर्ती खिडकीशी नेली, कलती करून पाहिली. "हात छान साधलेत. पण चेहरा हा! कणकेचा गोळा."

छंगआननं मूर्ती घेतली. देवीच्या डोळ्याखालून अंगठा फिरवला, आणि थांबला. मग आईकडे पाहिलं. 'मी असा चेहरा दिला नव्हता' एवढं तो बोलला असता, तरी बांबू तिच्या पाठीवर पडले असते. ती मान ताठ ठेवून उभी होती.

"माझ्याच हातून झालं, हुजूर."

"मग बाटल्याच कर," म्हणत साहेब मूर्ती घेऊन गेले.

दार लागल्यावर छंगआन हळू बोलला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मला जायचं होतं, आई. बाबांसारखा मेलो असतो तरी जायचं होतं."

तिनं खाडकन त्याच्या तोंडात दिली. गालावर पांढऱ्या भुकटीची बोटं उमटली.

त्यानं गाल पुसला नाही. चकत्या, वाळूचं मडकं, सगळं टोपलीत भरलं. "गल्लीतल्या यानकाकांकडे कामाला बसेन. त्यांची सून देईल चमक. माझं काम तुझ्या चाकावर परत यायचं नाही."

"त्या सुनेला कातडं कुठलं नि चिंधी कुठली कळतं का?"

"तिला मूर्तीचे डोळे तरी शाबूत ठेवता येतात."

टोपली उचलून तो निघाला. रुईलान उंबऱ्यापर्यंत धावली आणि अशी ओरडली की गल्लीतली सगळी चाकं थांबली.

"जा! खुशाल जा! जेवायलाही येऊ नकोस! तोंड दाखवू नकोस मला! पण राहशील ना या गल्लीत? राहशील ना, मेल्या?"

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. यानकाकांच्या दारात शिरला आणि दार धाडकन लावून घेतलं.