मांजर हिंडेल एवढी फट

आमच्या नदीकाठी गोदामं इतकी दाटीवाटीनं उभी होती, की पहिल्यात उंदीर शिरला तर शेवटच्यातून त्याचा पणतू बाहेर पडायचा. खोटं वाटत असेल तर उंदरांनाच विचारा. विचारायला माणसं उरली नाहीत. वरच्या अंगाला पूल झाला, माल ट्रकनं परस्पर जाऊ लागला, होड्या बंद पडल्या, कुलपं गंजली. उघडं राहिलं एकच गोदाम, माझे थोरले काका राखायचे ते.

काकांचा एक नियम होता. पोत्यांची थप्पी आणि भिंत यांच्यात मांजर हिंडेल एवढी फट ठेवायचीच. एखाद्या हमालानं ती बुजवली, की काका त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे.

एके वर्षी गोदामाच्या मालकाचा, शेठचा निरोप आला: वाटाणा पाठवतोय, सगळा मावला तर गोदाम ठेवतो, नाहीतर पाडतो. काका त्या वयात नवरदेवासारखे मिरवले. पोती मावेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं फट भरली.

"अहो, भिंतीला टेकलं की सगळं!" काकू म्हणाली.

"टेकू दे गं. इतक्या वर्षांनी गोदामाचं पोट भरलंय. ढेकर तरी देऊ दे."

मग पूर आला. तोही गुडघाभरच. काकांनी दारं डांबरानं लिंपली होती, पण पाणी फरशीखालून वर आलं. सुका वाटाणा कसा पितो म्हणून सांगू! गावातले सगळे बेवडे एकीकडे आणि तो एकीकडे. फुगला, पण फुगायला जागा कुठे होती? भिंतीनं पोट पुढं काढलं. काका बाहेरून तिला पाठ लावून उभे राहिले.

"सरका आधी! सासू आहे का ती तुमची, रुसली म्हणून समजूत घालताय?"

काकूनं दंडाला धरून त्यांना ओढलं आणि भिंत गेली. शेजारच्यांशी भिंती सामाईक, त्यामुळे एकामागून एक अख्खी रांग बसली. वाटाणा खाऊन नदीतले मासे इतके लठ्ठ झाले, की त्यांना बुडता येईना.

दुसऱ्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून ढिगाऱ्यावर जाऊन बसले. शेठ येईल, आईबापावरून शिव्या देईल, मग आपण खाली मान घालून ऐकून घेऊ. शेठ आला नाही. माणूसही पाठवला नाही. पाडायचा खर्च वाचला म्हणाला, असं बाजारातून कळलं.

"चला घरी," काकू म्हणाली.

"ओरडायला तरी येईलच की गं."

"नाही येत."

काकांनी सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलं आणि रस्त्याकडे तोंड करून नीट बसले.