दुपारचा सूर

साल एकोणीसशे एकाहत्तर. दादा वाद्यांच्या दुकानात उभा होता. स्क्रूड्रायव्हरचे टोक त्याने एका छोट्या वाद्याच्या लाकडाला टेकवले होते आणि मूठ कानाशी धरली होती. दुकानदार तोंड वासून त्याच्याकडे पाहत होता.

“अहो, हे काय चाललंय? ओरखडा पडेल ना!”

“नाही पडत. तुम्ही ती जाड तार छेडा.”

दुकानदाराने मुकाट्याने तार छेडली. दादाने डोळे मिटून घेतले. पंपाचे बेअरिंग झिजले आहे की नाही, हे तो गेली तीस वर्षे असेच ऐकत आला होता. वाद्य ऐकायची दुसरी काही रीत असते, हे त्याला ठाऊकच नव्हते. जन्मात कधी त्याने शीळसुद्धा घातली नव्हती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात तो मिस्त्री होता. पंपघराला लागूनच आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. दादा, वहिनी आणि मी, अशी आम्ही तिघे. त्यांना मूलबाळ नव्हते, माझे लग्न झाले नव्हते. मी शिवणकाम करायची. आतल्या खोलीची एक भिंत पंपघराशी सामाईक होती आणि त्या भिंतीतून रात्रंदिवस पंपाची घरघर यायची. नवीन आलेल्या पाहुण्याला अर्ध्या तासात डोके दुखायला लागायचे. आम्हाला ती ऐकूच येत नसे. ऐकू यायची ती थांबली की. दुरुस्तीसाठी पंप बंद केला की गाढ झोपेतून वहिनी दचकून उठायची आणि म्हणायची, “काय झालं?” पंप सुरू झाला की पुन्हा आडवी.

वहिनीचा कान तर असा, की घरघरीवरून ती वेळ सांगायची. संध्याकाळी गावातले दिवे लागले, विजेवर ताण आला, की पंपाचा आवाज केसभर खाली उतरतो म्हणे. मला कधी कळले नाही. ती मात्र खिडकीबाहेर न पाहता म्हणायची, “वन्सं, दिवा लावा, संध्याकाळ झाली.”

त्या वर्षी वहिनी अंथरुणाला खिळली. पोटाचे दुखणे होते. डॉक्टर दारात चपला घालताना हळूच म्हणाले, “आता दुखू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.” गोळी घेऊन दुपारी ती तासभर झोपायची. झोपताना तळहात भिंतीला लावून ठेवायची. भिंत बारीक थरथरायची, त्या थरथरीत तिचा डोळा लागायचा. बाकी दिवसभर कण्हणे.

आणि अशात हुकूम आला. गावाबाहेर पाण्याचे नवे केंद्र झाले होते. महिनाअखेरीला आमचा पंप बंद. खोल्या मात्र पुढे चार महिने ठेवायला हरकत नव्हती.

दादाने जेवताना ते सांगितले.  नळाला पाणी नसेल तर विचारावे तशा साध्या आवाजात वहिनी म्हणाली, “मग मला झोप कशी लागायची?”

दादाने ताटातच हात धुतला आणि तो उठून गेला.

त्याने पंखा आणून लावून पाहिला. वहिनी म्हणाली, “हा चिडका आहे. ह्याच्याशी नाही जमायचं माझं.” मी शिवणयंत्र चालवून पाहिले. ती म्हणाली, “वन्सं, तुम्ही कपडे शिवताय असंच वाटतं हो. झोप कसली, मीच टिपा मोजायला लागते.” आवाज टेपवर घेता आला असता, पण टेपरेकॉर्डर आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हता. असेच एकदा पंपाचे सामान आणायला दादा बाजारात गेला असताना वाद्यांच्या दुकानातून एक तार वाजली आणि तो रस्त्यातच थबकला. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन गेला. एकट्याला लाज वाटत होती.

त्या वाद्याला लायर म्हणतात, हे आम्हाला तिथेच कळले. दिसायला सुपाएवढे. पोकळ लाकडी पोट, त्यातून वर गेलेले दोन हात, वर एक आडवी पट्टी आणि पट्टीपासून पोटापर्यंत ताणलेल्या तारा. प्रत्येक तारेचा एकच सूर. दाबायचे काही नाही, नुसते छेडायचे.

“सोळा तारांची घ्या,” दुकानदार म्हणाला. “पुढे हात बसला की मग कमी पडणार नाही.”

“मला एकच पाहिजे.”

“एक लायर?”

“एक सूर. बाकीच्या तारा असल्या तर असू देत बापड्या.”

मला हसू आवरेना. दुकानदारही हसला. “अहो, एका सुराचं करणार काय?”

“घरी माणूस आजारी आहे,” दादा म्हणाला. “तिला झोपवायचंय.”

दुकानदाराचे हसू मावळले. त्याने सात तारांची, दहा तारांची, सोळा तारांची अशा सगळ्या काढून मांडल्या. दादाने प्रत्येकीवर बोटाने टकटक केले, लाकडाला चीर नाही ना पाहिले, खुंट्या चावीने फिरवून त्या ढिल्या नाहीत ना पाहिले. शेवटी त्याने दहा तारांची निवडली. तिची सर्वांत जाड तार छेडली की लाकूड छातीशी धरलेल्याला आतून जाणवायचे. पंपाचा आवाज त्याहून बराच खाली होता, पण दुकानदार म्हणाला, “सूर तोच लागेल. फक्त वरच्या मजल्यावरचा.”

निघताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या. “चावी एकदम फिरवायची नाही, अगदी जराशी. आणि नवीन तारा उतरतात. आज लावलेला सूर उद्या तिथे नसणार. रोज चढवाव्या लागतील.” मग दादाचा हात धरून त्याने तळवा तारांवर सपाट ठेवला. “वाजवायला सगळेच शिकतात. थांबवायचं असं. नाहीतर एकात एक मिसळून नुसता गोंगाट होतो.”

घरी येऊन दादा वहिनीच्या खाटेशी बसला. चावी खुंटीवर बसवली, तार छेडली, फिरवली. पुन्हा छेडली, पुन्हा फिरवली. सूर काही हलेना.

“आवळत नाहीये,” तो पुटपुटला आणि हातात पाना असल्यासारखी त्याने जोरात फिरवली. फाडकन आवाज झाला. तार तुटून त्याच्या गालावर बसली. छेडत होता जाड तार आणि चावी होती शेजारच्या खुंटीवर!

वहिनी आधी घाबरली, मग हसायला लागली. हसताना पोट दुखत होते, तरी हसू थांबेना. “वन्सं, बघा तुमचा भाऊ! नट समजून आवळला! पंपाचा राग बिचारीवर काढला!”

दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती. दादा गाल चोळत नुसता तिच्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी नवी तार आणली आणि त्यानंतर प्रत्येक खुंटीला बोट लावून, तारेवरून बोट खाली आणून, मगच तो चावी फिरवायचा.

पंप चालू होता तोवर काम सोपे होते. भिंतीला कान लावायचा आणि तार जुळवायची. पण तिथेही पंचाईत झाली. सकाळी जुळवलेली तार वहिनीला संध्याकाळी पटायची नाही, संध्याकाळची सकाळी नाही.

“तुझा पंप दिवसातून तीन सूर काढतो,” दादा वैतागून म्हणाला. “त्यातला कुठला लावू?”

“माझा कसला? तुमचाच पंप,” वहिनी म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “दुपारचा लावा. तुम्ही जेवायला येता तेव्हाचा.”

बावीस वर्षांच्या संसारात त्या दोघांच्या तोंडून मी याहून जवळिकीचे काही ऐकले नव्हते. दादाने मान खाली घालून चावी फिरवली.

महिनाअखेरीला साहेब आले. दोन शब्द बोलले आणि खटका ओढला. पंप लगेच थांबला नाही. हळूहळू दमत गेला आणि मग भिंत मेली. मी हात लावून पाहिला, नुसती गार भिंत. वहिनी डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती. दादा धावत आत आला. अंगावरचे तेलकट कपडेही त्याने बदलले नाहीत. लायर मांडीवर घेतली आणि जाड तार छेडली. सूर विरत आला की पुन्हा. एका श्वासाला एक. अर्ध्या तासाने वहिनीचे डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तार छेडली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“गेला,” तो म्हणाला.

तार उतरली होती. दुकानदाराने सांगितलेच होते. पण जुळवायला आता भिंतीत काही नव्हते. तीस वर्षे ऐकलेला आवाज दादाला आठवेना. तो चावी धरून नुसता बसून राहिला.

“खाली गेलाय,” खाटेवरून आवाज आला. “जरा वर घ्या.”

दादाने चावी फिरवली.

“अजून. अजून थोडा. अहो, पुढे गेलात, मागे या.” हातगाडी मागे घेणाऱ्याला सांगावे तसे ती सांगत होती. “हां. हा.”

“बरोबर?”

“बरोबर. माझ्या कानात आहे तो. तुमचे कान त्यानंच खाल्लेत.”

मग रोजचे तेच झाले. ज्या माणसाने बायकोला कधी भाजीसुद्धा विचारून आणली नव्हती, तो दर दुपारी चावी हातात घेऊन तिला विचारायचा, “बरोबर?” आणि ती पडल्यापडल्या त्याला वर-खाली करायची. पुढे म्हणाली, “एकच सूर किती ऐकायचा? अधूनमधून दुसऱ्या तारांना हात लावा की. त्या काय शोभेच्या आहेत?” मग तो एक जाड, एक मधली, एक वरची असे काहीबाही वाजवायला शिकला. बोटे अडखळायची. मध्येच तो तळवा ठेवून सगळे थांबवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा. गाणे म्हणता येईल असे ते काही नव्हते.

पंप थांबल्याच्या तिसऱ्या महिन्यात वहिनीला बोलणे जड झाले. मग ती एक बोट उचलायची किंवा खाली करायची. बरोबर जुळले की पापणी मिटायची.

एका दुपारी मी कापड बेतत होते. आत लायर चालू होती. सहज डोकावले, तर वहिनीचा भिंतीवरचा हात घसरून खाली आला होता आणि तळवा वर उघडा पडला होता.

“दादा,” मी म्हटले.

त्याने आणखी दोनदा तार छेडली. मग तळवा तारांवर सपाट ठेवला.

त्यानंतरही दादा दुपारी लायर घेऊन बसायचा. चावी फिरवायचा, तार छेडायचा आणि माझ्याकडे पाहून विचारायचा, “बरोबर?”

मी म्हणायची, “हो.”

मला काही कळत नव्हते. पण दुसरे काय म्हणणार? सूर दिवसेंदिवस खाली चालला होता, हे मात्र माझ्याही लक्षात येत होते. तरी मी होच म्हणत राहिले. महिना-दीड महिना गेला. एक दिवस त्याने विचारले, “बरोबर?” मी सुईत दोरा ओवता ओवता म्हटले, “हो.”

दादाने वर पाहिले. रागावला नव्हता. “तू रोजच हो म्हणतेस,” तो म्हणाला, आणि चावी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून बाहेर गेला. पुन्हा त्याने लायर वाजवली नाही.

पंप भंगारात गेला. पंपघरात सिमेंटच्या ओट्यातून वर आलेले चार बोल्ट तेवढे उरले. साहेब बढती मिळून दुसरीकडे गेले. डॉक्टर त्यानंतर दोन वर्षांत वारले. त्यांनी आमच्याकडून शेवटपर्यंत फी घेतली नाही. दुकानदार म्हातारपणी लेकीकडे राहायला गेला. जाण्याआधी तारांची दोन पाकिटे दादाला देऊन गेला. ती तशीच आहेत, फोडलेली नाहीत. दादाने नव्या केंद्रात आणखी नऊ वर्षे काढली. तिथले पंप खोल जमिनीखाली होते, वर काही ऐकू यायचे नाही. काचेमागचे काटे पाहायचे, एवढेच काम. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तो गेला. शेवटी शेवटी त्याला फार कमी ऐकू यायचे.

राहिले मी. मला आता अठ्ठ्याऐंशी सरले. लायर माझ्या खाटेच्या डोक्याशी असते. चावी त्याच खिळ्याला आहे. खोली बदलली तेव्हा खिळाही उपटून आणला. दुपारी धूळ पुसताना फडके कधीतरी जाड तारेला लागते आणि ती वाजते. खूपच उतरलेली असणार. बरोबर की चूक, हे सांगणारे कुणी नाही. मी फडके बाजूला ठेवते आणि तळवा तारांवर सपाट ठेवते.