वहीतले उतरते आकडे

पालघरच्या मानसोपचाराच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर खंडेरावने आठवड्याभराची वही एका बैठकीत भरून टाकली. पहिले तीन दिवस निळ्या पेनाने, पुढचे काळ्याने, म्हणजे रोजच्या रोज लिहिल्यासारखी दिसावी. तारापूरच्या रसायनांच्या कारखान्यात अकरा वर्षं तो तापमानाचं लॉगबुक असंच भरत आला होता. सगळेच भरत.

वहीत डॉक्टरबाईंनी आखून दिलेले चार रकाने होते: काय घडलं, मनात काय आलं, ते खरं कशावरून, खोटं कशावरून. शेवटी त्या विचारावर शंभरातला किती विश्वास बसतो, तो आकडा. पहिल्या गुरुवारी शंभर होता. मग नव्वद, सत्तर, पन्नास. आज त्याने तीस लिहिला.

डॉ. राऊतबाईंनी वही चाळली. "चांगलंच उतरलंय की! आता महिन्याने आलात तरी चालेल. कामावर जायचं पत्र देते."

बाहेर इंदुबाई बसली होती. दोन महिने ती नवऱ्याला एकटं सोडत नव्हती; न्हाणीची कडीसुद्धा लावू देत नसे. पत्र पाहिलं की ती पहारा उठवणार, आणि मग आपण काय करायचं हे खंडेरावने ठरवून टाकलं होतं. आकडे उतरवले होते ते त्याचसाठी.

सही करता करता बाई म्हणाल्या, "तुमच्या वहीवर विसंबून देतेय हं."

खंडेरावने पत्रावर हात ठेवला.

"मॅडम, थांबा. वही खोटी हाय."

पेन थांबलं.

"माझ्या हाताखालचा सुका पण असाच वहीवर इसंबला हुता. इचारलं त्यानं, 'भाऊ, टाकीचं झाकण उघडू काय?' मी म्हणलं, वहीत चाळीस लिवलंय, उघड. शिडी चढून तापमान बघितलंच नव्हतं मी. वाफ तोंडावर आली त्याच्या. तिसऱ्या दिवशी गेला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पत्र फाडलं. "चुकलं माझं. मी आकडे बघत बसले. आता खरा आकडा सांगा."

"शंभर. सुकाला मी मारला."

"खरं कशावरून, ते सांगितलंत. खोटं कशावरून?"

"काय नाय."

"त्या शिडीवर बाकीचे चढायचे?"

"कोण चढतंय! कठडा तुटून वरीस झालं. दोनदा लिवून दिलं साहेबाला."

"ते लिहा. तुमची चूक मी पुसणार नाही, खंडेराव. ती आहे. पण सगळीच्या सगळी तुमची आहे का, एवढंच तपासायचंय."

त्याने लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. मग आकडा घातला.

"पंच्याण्णव," तो म्हणाला. त्या पाचाने त्याला काडीचंही हलकं वाटलं नाही. बँडेजात गुंडाळलेला सुका डोळ्यांसमोरून हलला नाही.

"जीव द्यायचं ठरवलं होतंत?"

त्याने मान डोलावली.

"हे इंदुबाईंना आजच कळायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच."

बाईंनी दार उघडून हाक मारली. इंदुबाई पदर सावरत आत आली. दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "काय हो? झालं न्हवं बरं? की अजून हेलपाटं हायतीच?"

खंडेरावला वर बघवेना.

"इंदे," तो म्हणाला, "कडी लावू देऊ नगंस मला."