चारशे घोड्यांची एकटी गाडी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या अंगात चारशे घोड्यांचे बळ आहे. पण तुम्हाला चादरीखाली झाकून अंधाऱ्या खोलीत उभे केले आहे. शेजारी गवत कापायचे यंत्र घरघरत फिरते, आणि तुम्ही नुसते ऐकत राहता. माझी बरीच वर्षे अशीच गेली. मी डेट्रॉइटची एक जुनी, लाल, दोनच आसनांची गाडी आहे.

नव्वदच्या दशकात मोजक्या कारागिरांनी मला हाताने जोडले. आठ लिटरचे इंजिन, दहा सिलिंडर, सहा गिअर. पक्के छप्पर नाही, खिडक्यांना काचा नाहीत, दाराला बाहेरून मूठसुद्धा नाही. धुराच्या नळ्या दोन्ही दारांच्या खालून जातात.

लेनर्ड कुबियाक यांनी मला घरी आणले, तेव्हा सारी गल्ली गोळा झाली. पोरे माझे आकडे पाढ्यांसारखे म्हणत. मग कुणीतरी लेनर्डना सांगितले, की कमी धावलेल्या गाडीला पुढे मोल येते. तेव्हापासून ते मला पुसत, चाकांखाली गालिच्याचे तुकडे घालत. पण रस्त्यावर नेत नसत.

शेजारच्या ग्लॅडिसबाई कुंपणावरून म्हणत, "लेनी, तुझ्या गाडीपेक्षा माझं गवताचं यंत्र जास्त फिरलंय रे!"

ते हसत. मला मात्र हसू येत नसे. मित्रांनो, झाकून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. न वापरलेले यंत्र आतून म्हातारे होते.

यंदा जुलैत जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाने मला मागितले. त्याच्याकडे गाड्या काचेमागे उभ्या असतात. एकही कधी बाहेर पडत नाही. सोमवारी तो मला नेणार होता. विक्रीसाठी मला नवे टायर चढले. शनिवारी लेनर्ड यांची नात जोसी सुट्टीला आली.

"आजोबा, ही पळते तरी का?"

"पळते का म्हणजे? चारशे घोडे आहेत हिच्यात!"

"ते पाठ आहे मला. तुम्ही पळवता का?"

लेनर्डनी माझ्यावरची चादर ओढून काढली. मग म्हणाले, "चल, बस. तुला आवडली तर सोमवारच्या माणसाला नाही म्हणून सांगतो. नाहीतर गेली ती."

नदीकाठचा रस्ता लागला आणि मी मोकळा श्वास घेतला. जोसीचे केस उडत होते. ती काहीतरी ओरडत होती. वाऱ्यात मला ऐकू आले नाही.

घरी आल्यावर ती उतरू लागली. पाय उघडे होते. दाराखालच्या तापलेल्या भागाला तिची पोटरी टेकली, आणि ती किंचाळली. इतक्या वर्षांनी कुणीतरी जवळ आले, आणि मी तिला पोळवले.

"विकून टाक ती भट्टी एकदाची!" ग्लॅडिसबाई कुंपणावरून ओरडल्या.

"विकतोच," लेनर्ड जोसीच्या पायावर पाण्याची धार धरत म्हणाले. "चुकलंच माझं."

जोसी लंगडत घरात गेली. दार आपटले. मी अंगणात टिकटिक करत निवत राहिले. लेनर्डनी चादर आणली.

तेवढ्यात दार उघडले. त्या भर उन्हात जोसी गुडघ्यापर्यंतचे बर्फातले बूट घालून धपाधप आली, माझ्यात बसली आणि पट्टा लावला.