मीठ येत होतं कुठून

आमच्या नातीचं, दिव्याचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. फेब्रुवारीत लग्न झालं आणि ती वैभववाडीला सासरी गेली. मांडव उतरला त्याच आठवड्यात माझ्या बायकोचे, पार्वतीचे पाय सुजले. लग्नात उभी राहून राहून सुजले असतील असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. पण सूज घोट्यावरून पोटरीवर चढली आणि आडवं पडलं की तिला धाप लागायला लागली, तेव्हा एसटीने तिला कुडाळला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "आजींचं हृदय थकलंय. गोळ्या देतो, त्याने अंगातलं पाणी उतरेल. पण मीठ बंद. अगदी बंद. आणि त्या जेवल्या पाहिजेत हं, अंगात काही ताकद उरलेली नाही."

मीठ बंद आणि जेवली पाहिजे. या दोन गोष्टी एका घरात कशा नांदवायच्या ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

घरात आम्ही दोघंच. मुलगा सुदेश आणि सून गोव्यात कामाला. त्यांची दिव्या लहानपणापासून आमच्याकडे वाढलेली, चूल तिच्याच हातात होती. ती गेली आणि पार्वतीला उभं राहवेना, म्हणून रांधायचं काम माझ्याकडे आलं. मी उभा जन्म बोटीवर काढला, शेवटची बरीच वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख होतो. बोटीवर प्रत्येकाला रांधता येतं. पण बोटीवरचं जेवण म्हणजे भात, मासळीचं कालवण आणि त्यात मूठभर मीठ. मूठ काढून घेतली की त्या कालवणात काय उरतं हे मी कधी बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी चवळीची आमटी आणि भात केला. पार्वतीने दोन घास खाल्ले आणि ताट पुढे सारलं.

"ह्या काय रांधलात? भिंतीक लावूचो चुनो?"

"डॉक्टरान सांगल्यान तसा केलंय."

"मग डॉक्टराकच वाढा."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गोळ्या उपाशीपोटी जायला लागल्या. मला काही सुधरेना. दिव्याला फोन केला, तर तिने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई कसली तरी पानं कच्चीच कापत होती आणि हसत होती.

"बाये, असलो पालो आमच्या हयल्या बकरीन पण बघूक नाय," मी म्हटलं.

"ऱ्हवांदे तो. घरात काय काय आसा ता सांगा बघू, आजोबा."

मी फळीवरचे डबे उघडून सांगत गेलो. कुळीथ, चवळी, नाचणी, धणे, मिरी, तिरफळं. परसात नारळ, शेवगा, कच्ची पपई, केळीला एक फूल आलेलं. कोपऱ्यात आंबटढाण बिंबलाचं झाड.

"इतक्या आसा आणि तुमी चुनो कित्याक वाढतास? आंबट घाला, तिखट घाला. जीभ आंबटात गुतली की तिका मिठाची आठवण येवची नाय."

पोरगी शहाणी. आंबट म्हटल्यावर माझा हात सरळ फळीवरच्या आगळाच्या बाटलीकडे गेला. कोकमाचा दाट रस, आमच्याकडे प्रत्येक घरात असतो. शेजारच्या जेनिसने मागच्या उन्हाळ्यात दिलेली मोठी बाटली तशीच होती. जेनिस सांतानची बायको. सांतान माझ्याच बोटीवर होता, आता तो मस्कतला असतो.

त्या दिवसापासून घरात काहीतरी वेगळंच सुरू झालं. केळफूल चिरून कुळथाच्या पिठात परतलं, वर आगळ. कच्च्या पपईचं तिखलं केलं, त्यात आगळ. शेवग्याचा पाला चवळीत घातला आणि खोबरं भाजून लावलं. बांगडा तेलाशिवाय, नुसत्या वाटणात आणि तिरफळात शिजवला, उतरवताना दोन पळ्या आगळ. आणि रोज वाटीभर सोलकढी. पार्वती जेवायला लागली. ताट पुसून खायला लागली. मी समोर बसून बघायचो.

"चव इली हा तुमच्या हाताक," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या वेळी मी मोठ्या ऐटीत कुडाळला गेलो. डॉक्टरांनी पार्वतीच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरून येईना. वजनही वाढलं होतं.

"आजोबा, मीठ कोण घालतं?"

"कोणी नाही, डॉक्टर. मीच स्वयंपाक करतो."

"पोटात जातंय कुठून तरी. शोधून काढा. आता पाणी उतरलं नाही, तर दाखल करून घ्यावं लागेल."

दाखल हा शब्द ऐकला आणि पार्वतीने माझी बाही धरली. तिची बहीण सीता अशीच दाखल झाली होती, ती परत घरी आली नाही. एसटीत पार्वती एकच बोलली, "माका थय ठेवू नको हां." ती मला एरवी अहोजाहो करायची.

मग मी मीठ शोधायला लागलो.

मी अक्षरं शिकलो ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग चालायचा तिथे. बोट ठेवून वाचतो, पण वाचतो. घरातला प्रत्येक पुडा काढून वाचला. पापडात मीठ होतं ते ठाऊक होतं. बिस्किटात मीठ होतं, ते मात्र ठाऊक नव्हतं. गोड बिस्किटात मीठ कशाला घालतात मला अजून कळलेलं नाही. सगळं बाहेर काढलं. सुकी मासळी शेजारी दिली. शेवटी मिठाची बरणीच उचलली आणि जेनिसच्या हातात नेऊन दिली.

"तांडेलानू, मिठाक पण घराभायर काडलात?" ती हसली. "आता माका कधी भायर काडतास?"

"तू ठेव गो. माझो कोणावरच विश्वास नाय आता, माझ्यावर पण."

कारण मला पार्वतीचा संशय यायला लागला होता. ती झोपली असताना मी तिची उशी उचलून बघितली. खाली पेपरमिंटची एक गोळी निघाली. तिचाही कागद वाचला. त्यात मीठ नव्हतं.

आणि एक गोष्ट मला आणखी गोंधळात टाकत होती. मीठ घातलेलं नसताना जेवण मला अळणी लागत नव्हतं. मी म्हटलं, बांगडा जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतो, थोडा खारटपणा त्याच्या अंगात असणारच. म्हणून मासळी बंद केली. मग पपई खारट लागली. पपई काही समुद्रात राहत नाही. दोन दिवस विचार केला आणि एकदम डोक्यात आलं, विहीर! आमची विहीर किनाऱ्याला लागून. उन्हाळा चढला की पाणी मचूळ होतं, हे पोरासोरांनाही माहीत. पपईला पाणी तेच, भाताला पाणी तेच, प्यायला पाणी तेच.

मला इतका आनंद झाला की मी पार्वतीला सांगितलंच नाही. कळशी घेतली आणि वर जेनिसच्या विहिरीवर गेलो. तिची विहीर चढावर, कातळातली, पाणी गोड. त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ कळशी खांद्यावर घेऊन तो चढ चढायचो नि उतरायचो. गुडघे बोलायला लागले. पार्वती पडवीतून बघायची.

सूज तशीच. मेचा महिना आला. कुडाळला जायचा दिवस जवळ येत होता.

एक दिवस कळशी घेऊन गेलो तर जेनिसच्या अंगणात लालभडक रातांब्यांची, कोकमाच्या फळांची, रास पडलेली. ती फळं फोडून पिंपात टाकत होती, कोपरापर्यंत हात लाल. बाजूला एक बरणी आडवी पडली होती. माझीच.

"तांडेलानू, तुमची बरणी मी रिकामी केलंय हां. माझा मीठ कमी पडला."

"रिकामी? कशात घातलस?"

"आगळात."

मला वाटलं ती मस्करी करते. "आगळात मीठ?"

"मग काय साखर घालतत? मीठ नाय घातला तर चार दिसांत बुरशी येतली. सोलांकय लावतत थोडा." मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "सायबा! जन्म गेलो सोलकढी पिऊन, आणि आता विचारतास?"

जन्म गेला हे खरं. पण रातांबे पिकतात तेव्हा बोटी समुद्रात असतात, आणि आम्ही बोटी वर ओढून घरी येईपर्यंत आगळ बाटल्यांत भरलेलं असतं. ते बायकांचं काम. मी नुसतं प्यायलेलो. आणि त्या बाटलीवर अक्षर एक नव्हतं, नाहीतर ती मी पहिली वाचली असती.

कळशी तिथेच ठेवून घरी आलो. पार्वती पडवीत पाय वर घेऊन बसली होती.

"आगळात मीठ असता," मी म्हटलं.

"असताच."

"तुका म्हायत होता?"

"माका नाय तर कोणाक? इतकी वर्सां मीच करी होतंय."

"मग सांगलस कित्याक नाय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू वेड मलाच लागलंय. "माका वाटला तुमका म्हायत आसा. वाटला, डॉक्टराक चोरून थोडा थोडा घालतत माझ्यासाठी. बरा वाटला माका."

"अगो, मी तुझी उशी तपासलंय! मासळी बंद केलंय! विहीर बदललंय!"

"म्हणान ती कळशी?" तिला हसू फुटलं आणि हसता हसता धाप लागली. मी पाठ चोळत राहिलो. "माका वाटला, म्हाताऱ्याक व्यायाम व्हयो झालो."

"पण पाय सुजतत ता तुका दिसा नाय?"

"दिसा होता. दाखल करतले ह्याचा भ्या पण होता. पण तुमी समोर बसान बघी होतात, मी किती घास खातंय ता. ताट मागे सारूक हात जाय नाय."

तिला खरंच वाटलं होतं की मी मुद्दाम घालतोय? की मला माहीत नाही हे ओळखून ती गप्प बसली होती? मी दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर थोडं वेगळं आलं. शेवटी ती म्हणाली, "आता रातच्याक काय रांधतास ता सांगा आधी."

आगळ मोरीत ओतू दिलं नाही तिने. उरलेली बाटली जेनिसकडे परत गेली. परसात बिंबलाचं झाड लगडलेलं, दिव्याला सांगूनही ते इतके दिवस माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बिंबलं ठेचून आमटीत घातली. कैरी किसून चवळीत घातली. तिरफळं भाजून, खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजून, मिरी जरा जास्त. पहिले चार दिवस पार्वतीचं तोंड वाकडं झालं, पण ताट मागे आलं नाही. आता तीच सांगायची, "नाचणीच्या भाकरेक ओवो घाला," "कुळथाच्या पिठयेक लसूण चुरचुरीत होऊ दे." ती पाटावर बसून सांगायची आणि मी हलवायचो.

लघवीला होऊन होऊन आठवड्यात पाय उतरले. कुडाळला डॉक्टरांनी नडगी दाबली आणि माझ्याकडे बघितलं.

"छान! सापडलं का मीठ? कशात होतं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पार्वती शुद्ध भाषेत म्हणाली, "यांनी विहीर बदलली, डॉक्टर."

डॉक्टर म्हणाले, उत्तम केलंत. मी मान डोलावली. ती असं का म्हणाली तेही मला कळलं नाही. माझी लाज राखली की स्वतःची, देव जाणे.

त्यानंतर वर्षभर ती बरी होती. चतुर्थीला दिव्या आली तेव्हा तिच्यासोबत मंदिरापर्यंत चालत गेली. पुढच्या एप्रिलपासून मात्र पाय न सुजताच धाप वाढली. डॉक्टर म्हणाले, आता हृदयच दमलंय, यात जेवणाचा दोष नाही. दाखल करू नका असं तिने स्वतःच त्यांना सांगितलं, आणि सुदेशलाही फोनवर बजावलं.

मेमध्ये तिला सोलकढीची इच्छा झाली. मी जेनिसकडून ताजे रातांबे आणले, तिथल्या तिथे पिळले, नारळाच्या दुधात घातले, लसणीची एक पाकळी ठेचली. मिठाचा कण नाही. वाटी तिच्या तोंडाला लावली. तिने हळूहळू सगळी संपवली.

"आगळ घातलात?"

"नाय गो. ताजे रातांबे."

"आणि मीठ?"

"नाय."

"खारट लागता माका," ती म्हणाली. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, किंवा मला तसं वाटलं.

मी वाटीच्या तळाला राहिलेले थेंब बोटाने चाटून बघितले. मग पातेल्यातली चमचाभर प्यायलो. मला काही खारट लागली नाही. पुन्हा प्यायलो.

माझी बायको पार्वती २१ मे २०२४ रोजी, मंगळवारी सकाळी, आमच्या राहत्या घरी वारली.